चाळीस जणांनी पाहिलेली पाकळी

भागोजी गुरवांना दिसत नाही, हे आमच्या काजरकोंडात सगळ्यांना माहीत होतं. मला सांगितलं सावित्रीकाकींनी, म्हणजे त्यांच्या बायकोनं. मी अंगणवाडीत पोरांची वजनं करत होते. ही बाई आली, दार लोटून घेतलं आणि माझा हात धरून म्हणाली, की रत्नागिरीच्या डोळ्यांच्या डॉक्टरांनी काचबिंदू सांगितलाय, गेलेली नजर परत यायची नाही, उरलीय तीही जाईल. मग माझ्या लेकीची, ऋजुताची शपथ घातली, की हे कुणाला सांगायचं नाही. मी म्हटलं, मेले तरी नाही सांगणार. आणि नाही सांगितलं. पुढे कळलं, की हीच शपथ तिनं वाडीतल्या एकेका बाईला एकटी गाठून घातली होती. प्रत्येक बाई आपण एकटीच जाणतो म्हणून छाती फुगवून फिरत होती. त्यात मी पण होते, खोटं कशाला बोलू.

लपवायचं कारण होतं. आमच्या गावची रीत अशी, की ज्याच्या अंगात उणं आलं, हात गेला, पाय गेला, नजर गेली, त्यानं गावदेवी वाघजाईला हात लावायचा नाही. पूजा पुढच्या घराकडे जाते. पुढचं घर म्हणजे भागोजीकाकांचा चुलतभाऊ रघू. हा रघू रोज सकाळी देवळाच्या पायरीवर येऊन बसायचा आणि भाऊ कुठे अडखळतो का ते बघायचा. तोंडानं मात्र बोलायचा नाही. बोलला असता तर भावाच्या डोळ्यांवर टपलेला म्हणून जन्मभर नाव झालं असतं. तो वाट बघत होता की दुसरं कुणीतरी बोलेल.

भागोजीकाका काही अडखळले नाहीत. एकोणिसाव्या वर्षी बापामागे त्यांनी देऊळ हातात घेतलं, ते सत्तरी उलटली तरी एक सकाळ चुकवली नाही. स्वतःच्या लग्नादिवशीसुद्धा आधी देवीची आंघोळ, मग नवरदेवाची. मूल नाही, बाळ नाही, शेत म्हणाल तर दोन ढांगांत संपतं. देऊळ सोडून त्या माणसाला दुसरं काही नव्हतंच. जांभ्याच्या पायऱ्या पायांना पाठ, समई नि घंटा हातांना पाठ. काठी त्यांनी कधी घेतली नाही. काठी घेतली त्या दिवशी गाभारा सुटला, हे त्यांना आमच्यापेक्षा चांगलं कळत होतं.

पूजा तशी आंधळ्यालाही जमेल. अडचण होती कौलाची. आमच्याकडे माणसाला काही मोठं करायचं असलं, घर बांधायचं, मुलगी लांब द्यायची, तर आधी देवीला विचारतात. गुरव चाफ्याच्या दोन पाकळ्या ओल्या करून देवीच्या दोन खांद्यांवर चिकटवतो, गाऱ्हाणं घालतो आणि हात जोडून उभा राहतो. उजवी आधी पडली तर देवी हो म्हणाली, डावी पडली तर नाही. मध्ये पाकळीला हात लावायचा नाही. कुठली पडली ते गुरवानं मोठ्यानं सांगायचं, आणि तो सांगेल तोच कौल.

मग न दिसता सांगायचे कसे? मी बायकांच्या बाजूला खांबाशी उभी राहते, तिथून सगळं दिसतं. उजवी पडली की पुढच्या माणसांच्या तोंडून आपोआप 'हां' निघतं. डावी पडली की जिभेचं 'च्'. भागोजीकाका आधी म्हणायचे, "गप ऱ्हावा सगळी." आणि मान जराशी तिरकी करायचे. 'हां' आलं की उजवा, 'च्' आलं की डावा. क्षणभरही उशीर नाही. यात खोटं काही नव्हतं बरं का. पाकळी देवी पाडायची, बघायचा गाव, आणि सांगायचे भागोजीकाका. दोन वर्षं हे इतकं सुरळीत चाललं, की कधीकधी मला वाटायचं, डॉक्टरच चुकला असेल.

बिघडवलं मेल्या रितेशनं. हा आमच्यातलाच, पण मुंबईला कंपनीत. त्याला दक्षिणेकडे दार काढून बंगला बांधायचा होता. कौल लावला आणि डावी पडली. मी पाहिली, चाळीस माणसांनी पाहिली. पण कुणाच्या जिभेवर 'च्' यायच्या आत रितेशच्या मेव्हण्यानं जेवण झाल्यासारखं भरगच्च 'हां' केलं. भागोजीकाका म्हणाले, "उजवा दिलान."

देवळात कुणी हललं नाही. अण्णा, आमच्या गावकीचे प्रमुख, ते छपराच्या वाशांकडे बघायला लागले, जणू काही वाशांना वाळवी लागलीय. बाकीचेही कुठे कुठे बघत होते. बोलणार कोण आणि काय? बोललं तर पहिला प्रश्न येणार, गुरवाला दिसत नाही हे तुला कधीपासून माहीत? आणि माहीत होतं, तर मागच्या खेपेला तुझा कौल घेताना गप्प का बसलास? रितेशनं नारळ फोडला, आम्ही खोबरं खाल्लं. बंगला झाला. दक्षिणेचं दार अजून उघडं आहे आणि त्याचं सगळं बरं चाललंय.

त्यानंतर वाघजाई आमच्यावर जी प्रसन्न झाली, ती झालीच. नकार म्हणून नाही. कौलाला येताना लोक नारळाबरोबर एखादा मोठ्या घशाचा माणूस घेऊन यायला लागले. कुणी देवरूखहून मामा आणला, कुणी मंडणगडहून साडू. हसू नका, मी पण केलं. माझ्या ऋजुताला नर्सिंगला मुंबईला पाठवायची होती. डावी पडली. माझा नवरा बावळट, तो बघतच राहिला. तेव्हा मीच खांबाआडून 'हां' केलं. बाईचा आवाज बाईचाच असतो, तो भागोजीकाकांना कळला नसेल असं मला अजिबात वाटत नाही. ते जरा थांबले. मग म्हणाले, "उजवा दिलान." परत येताना त्यांच्याकडे बघायची मला लाज वाटली, जरी ते माझ्याकडे बघू शकत नव्हते तरी.

आता कमळाचं सांगते. कमळा विधवा, मुलगा मुंबईला, घरात एकटी. तीन वर्षांपूर्वी गावकीनं ठरवलं, की नवीन पाखाडी, म्हणजे जांभ्याच्या पायऱ्यांची वाट, तिच्या अंगणातून न्यायची. तिला कुणी विचारलं नाही. ती सरळ तहसीलदारांकडे गेली आणि काम थांबवून आली. अण्णांना ते लागलं. गावाच्या वर जाते म्हणजे काय? पण वाळीत टाकणं आता गुन्हा आहे, हे अण्णांना चांगलं ठाऊक. म्हणून त्यांनी ठराव केला नाही, वहीत एक अक्षर लिहिलं नाही. शिमग्याआधीच्या बैठकीत एवढंच म्हणाले, की यंदा पालखी कमळाच्या अंगणात नको. बास. बाकीचं सगळ्यांना समजलं. दुसऱ्या दिवसापासून तिच्या घरी जाणं-येणं बंद, बोलावणं बंद, वाटेत भेटली तर नजर बंद.

पुढे पाखाडी दुसऱ्याच बाजूनं झाली, आणि जास्त सोयीची झाली. भांडणाचं कारणच उरलं नाही. पण बोलणं बंद ते बंदच राहिलं, कारण ते सुरू करायला कुणी कुणाला सांगितलंच नव्हतं. प्रत्येकाला वाटायचं, आपल्याला काही नाही, पण बाकीच्यांच्या मनात अजून असेल. शिमग्यात पालखी शेजारच्या घरातून निघायची आणि कमळाचं अंगण सोडून पुढच्या घरी जायची. ती बाई दर वर्षी अंगण सारवून, रांगोळी काढून दारात उभी राहायची. माझा जीव तुटायचा.

मी काय केलं? मी चोरून जायचे. काजूच्या बागेतून मागच्या दारानं, भर दुपारी, माणसं जेवून लवंडलेली असतात तेव्हा. कधी आमसुलं, कधी दुकानातून आणलेली चार अंडी. मला वाटायचं, अख्ख्या गावात माणुसकी असलेली मी एकटीच. मग एका दुपारी मागचं दार उघडलं तर आतून उमावहिनी बाहेर येत होत्या. उमावहिनी म्हणजे अण्णांची बायको, बरं का. हातात रिकामं भांडं. आम्ही दोघी एकमेकींकडे बघतच राहिलो. त्या म्हणाल्या, "कोंबडी शोधत होते गो." मी म्हटलं, "मी पण." त्यांच्याकडेही कोंबड्या नाहीत आणि माझ्याकडेही नाहीत. दोघींनी थोडा वेळ बागेत कोंबड्या शोधल्या आणि दोन वाटांनी घरी गेलो. त्यानंतरही त्या चकार शब्द बोलल्या नाहीत, मीही नाही.

हे असंच चाललं असतं. पण यंदा शिमग्याआधीच्या कौलांच्या दिवशी, सकाळी दहाच्या सुमाराला, कमळा नारळ घेऊन देवळात आली. पुरुषांच्या मधून सरळ चालत गेली आणि नारळ उंबऱ्यावर ठेवला. म्हणाली, "देवीला विचारा. पालखी माझ्या अंगणात येऊ दे का नको. गावाला मी विचारत नाही."

देवळात येऊ नको असं अण्णा म्हणू शकत नव्हते, ते म्हटलं असतं तर उघड गुन्हा झाला असता. नारळ ठेवला की विचारावंच लागतं. भागोजीकाकांनी पाकळ्या ओल्या केल्या, हातानं खांदे चाचपून लावल्या. गाऱ्हाणं घातलं. "गप ऱ्हावा सगळी," म्हणाले, जरी आधीच सगळे गप्प होते.

आणि डावी पडली.

मी पाहिली. सगळ्यांनी पाहिली. उजवी खांद्यावर तशीच बसलेली, आणि डावी खाली पायाशी. कमळानं पण पाहिली असणार, ती सगळ्यात पुढे होती. पण ती रडली नाही की हलली नाही.

आणि कुणाच्या तोंडून आवाज निघाला नाही. 'च्' नाही, 'हां' नाही. 'च्' केलं तर एका विधवेचं अंगण आपण बंद केलं असं होणार. 'हां' केलं तर अण्णांच्या विरुद्ध गेलो असं होणार. जो तो शेजारच्याच्या तोंडाकडे कान लावून. आमचा हा गाव, एरवी कुणाच्या घरी काय शिजतंय ते तीन वाड्यांपलीकडून ओरडून सांगतो, तो असा दगड झाला. मी पण. माझ्या जिभेला धार आहे म्हणतात सगळे. तेव्हा कुठे गेली होती ती, मला अजून राग येतो स्वतःचा.

भागोजीकाकांनी मान तिरकी केली. थांबले. दुसऱ्या बाजूला केली. काही नाही. आणि तेवढ्यात माझ्या शेजारून अगदी बारीक 'च्' आलं. सावित्रीकाकी. नवऱ्याला वाचवायला. भागोजीकाकांनी डावा सांगितला असता तर कुणी बोट दाखवलं नसतं. खरोखरच डावा होता. देऊळ राहिलं असतं, पूजा राहिली असती, अण्णा खूश, आणि कमळा काय, तिला सवय झालीच होती.

त्यांनी तो 'च्' ऐकला. ऐकला म्हणून तर त्यांचा चेहरा बायकांच्या बाजूला वळला. मग ते गाभाऱ्यातून दोन पावलं बाहेर आले, उंबऱ्याशी उभे राहिले आणि सगळ्यांसमोर म्हणाले, "मना दिसत नाय. चार वर्सा झाली. ज्याला दिसलं आसंल त्यानं सांगा, कुठली पडली."

आम्हाला चार वर्षं माहीत होतं, तरी सगळ्यांच्या अंगावरून काहीतरी गेलं. आता वाशांकडे बघून भागणार नव्हतं. आंधळ्यानं विचारलंय म्हणजे डोळसांना सांगावं लागणार. सगळे अण्णांकडे बघायला लागले, कारण ते सगळ्यात जवळ उभे होते. अण्णांनी वळून आमच्याकडे बघितलं, एकेका तोंडाकडे. काय शोधत होते कोण जाणे. उमावहिनींकडे जरा जास्त वेळ बघितलं. मग खाली बघून, घसा न खाकरता, अगदी साध्या आवाजात म्हणाले, "उजवी."

उजवी पाकळी देवीच्या खांद्यावर बसून हे ऐकत होती.

"उजवी," मी म्हटलं. मोठ्यानं. बायकांनी तिथे बोलायचं नसतं, पण मी बोलले. मग उमावहिनी बोलल्या. मग पुरुषांच्या बाजूनं सुरू झालं, उजवी, उजवी, उजवीच, मी पाहिली ना. सगळ्यात मोठ्यानं रघू. आयुष्यात गावाचं एवढं एकमत मी कधी ऐकलं नाही. कमळानं उंबऱ्यावर डोकं टेकलं आणि मग मात्र ती रडली. मला वाटलं, झालं, सगळं चांगलंच झालं. एवढी मी मूर्ख.

आठ दिवसांनी गावकी बसली. विषय एकच. गुरवानं स्वतःच्या तोंडानं कबूल केलंय, की नजर नाही. रीत ती रीत. पूजा रघूकडे. मी भिंतीशी उभी राहून ऐकत होते, आणि ऐकता ऐकता माझं डोकं फिरलं. एकेक जण उठून सांगत होता, की आम्हाला कल्पनाच नव्हती. चार वर्षं भागोजीनं गावाला पत्ता लागू दिला नाही. एकानं तर फसवणूक हा शब्द वापरला. हा तोच, मंडणगडच्या साडूला घेऊन आलेला. रितेश मुंबईहून फोनवर होता, त्यालाही धक्का बसला होता म्हणे. आणि सावित्रीकाकींनी शपथ घातलेल्या सगळ्या बाया माझ्यासारख्याच भिंतीला टेकून पदराशी चाळा करत होत्या.

भागोजीकाका मधोमध मांडी घालून बसले होते. अण्णांनी विचारलं, काही बोलायचंय का? ते नाही म्हणाले. देवळाची किल्ली कनवटीला होती, ती काढून पुढे ठेवली. रघूनं घेतली.

शिमग्याला पालखी कमळाच्या अंगणात नाचली. तीन वर्षांचं एकदम नाचवलं पोरांनी. उमावहिनी देवीच्या ओटीचं ताट घ्यायला आत गेल्या आणि चारचौघींसमोर विचारतात, "स्वयंपाकघर कुठल्या बाजूला गो तुझं?" कमळानं शांतपणे दाखवलं. मला हसू आवरेना, मी बाहेर पळाले.

आता रघू गुरव आहे. नजर अगदी स्वच्छ, सुईत दोरा ओवेल. जी पडते ती सांगतो. त्यामुळे डावे कौल फार यायला लागलेत आणि लोक कुरकुरतात, की भागोजीच्या हाताला जे यश होतं ते ह्याच्या हाताला नाही. आणखी वर्षभरात ही माणसं रघूच्या डोळ्यांत काहीतरी खोट काढतील, बघा तुम्ही.

भागोजीकाका हल्ली काठी घेतात. सकाळी देवळाकडे न जाता अंगणवाडीच्या पायरीवर येऊन बसतात, मी चहा देते. पहिले काही दिवस हात नुसते मांडीवर पडलेले असायचे. पन्नास वर्षं त्या वेळेला देवीला आंघोळ घालणारे हात, त्यांना काय करायचं ते कळत नव्हतं. मला बघवायचं नाही. एकदा मी म्हटलं, काका, त्या दिवशी डावा सांगितला असतात तर देऊळ राहिलं असतं. निदान विचारायचं तरी नव्हतंत. पण उजवा पडला हे बरं झालं, देवीनं तुमची लाज राखली. मी खोटं अगदी सफाईनं बोलले. आता इतकी सवय झालीय.

ते चहा फुंकत होते. म्हणाले, "उजवी खांद्यावरच होती गो."

मग सांगितलं त्यांनी. लोक गेल्यावर देवीचं अंग पुसायला हात फिरवला, तर उजवी पाकळी घट्ट चिकटलेली. डावी पायाशी सापडली. दोन्ही उचलून तीर्थाच्या तांब्यात टाकल्या.

म्हणजे गावकीत मांडी घालून बसले होते तेव्हा त्यांना माहीत होतं. सगळे एकामागून एक उठून ह्यांना फसव्या म्हणत होते तेव्हा. एक वाक्य बोलायचं होतं फक्त, की मी नजर लपवली, आणि तुम्ही चाळीस जण देवीसमोर खोटं बोललात, डोळे असून. अण्णांची मान खाली गेली असती, रघूला किल्ली मागायला तोंड राहिलं नसतं. आणि पालखी कमळाच्या अंगणाबाहेर राहिली असती, कायमची. हे सगळं माझ्या डोक्यात यायला जरा वेळ लागला. आलं तेव्हा मला रडू फुटलं, आणि त्यांचा रागही आला.

मी म्हटलं, "काका, मग गावकीत बोलला का नाहीत?"

त्यांनी कप पायरीवर ठेवला, हातानं चाचपून काठी घेतली आणि उठले.

"मी आंधळा माणूस," ते म्हणाले. "मना काय दिसणार?"